पोट्टे दमवणाऱ्या बाई

बाई गेल्या तेव्हा दुपार होती. त्या झोपल्या आहेत असं समजून त्यांच्या भाचीनं बराच वेळ त्यांना उठवलं नाही. भाचीला त्याचं अजून वाईट वाटतं, पण तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. दुपारच्या झोपेतून बाईंना उठवायचं नसतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा कॉलेजात प्राचार्यांनी खुर्चीच्या हातावर हात ठेवून त्यांना हाक मारली, तर बाईंनी डोळे न उघडता तो हात थोपटला आणि म्हणाल्या, चूप झोप बेटा. प्राचार्य निवृत्तीला आले होते.

बाई आमच्या कॉलेजात बालविकास शिकवत. मी तिथं ग्रंथपाल होतो. ग्रंथालयात वाचायला येणाऱ्यांपेक्षा झोपायला येणारे जास्त असतात. पण ते बिचारे समोर पुस्तक उघडून झोपतात. बाईंना तसली लाज नव्हती. नियतकालिकांच्या कोपऱ्यात कूलरचा वारा थेट येत असे. तिथं त्या दोन बाकं जोडत, पायातले कॅनव्हासचे बूट काढून खाली जोडीनं ठेवत आणि पदर तोंडावर घेऊन आडव्या होत. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी त्यांना समजावून सांगायला गेलो. बाईंनी पदर बाजूला करून माझ्याकडे नीट पाहिलं आणि रात्री किती झोपले जी, म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं, की फारसा नाही, पुस्तक संपवायचं राहिलं होतं आणि पहाट झाली होती. "तरीच," बाई म्हणाल्या आणि परत पदर घेतला. त्या 'तरीच'चा अर्थ मी अनेक वर्षं लावतो आहे.

आमच्याकडे माणूस भेटला की जेवण झालं का म्हणून विचारतात. बाई झोप झाली का म्हणून विचारत. बँकेत कॅशियरला विचारत, भाजीवालीला विचारत, लग्नात नवरदेवालाही विचारलेलं मी ऐकलं आहे. सुती साडी, ती घोट्याच्या जरा वर, खाली पांढरे बूट आणि गळ्यात मंगळसूत्र असावं तशी शिट्टी, असा त्यांचा बारमाही वेष होता. चार वर्षांचं मूल हा त्यांचा विषय, आणि विषयाचं सार त्या वर्गात एका दमात सांगून टाकत. पोट्ट्याची कामं चारच. धावणं, पडणं, खाणं, झोपणं. ए-बी-सी-डी काय, ते रिटायर झाल्यावरही शिकते.

त्यांच्या पर्समध्ये एक चिमटा असे. दंडावरची कातडी त्यात धरली की खाली चरबी किती आहे ते काट्यावर दिसतं. हे शास्त्रीय उपकरण आहे आणि ते प्रयोगशाळेत वापरायचं असतं. पण बाई ते एखादीनं सुपारी बाळगावी तसं बाळगत. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात नवरदेवाच्या मामांनी एका लहानग्याचा गाल धरून, कसं गुबगुबीत आहे म्हणून कौतुक केलं. बाई शेजारीच होत्या. त्यांनी पर्स उघडली, मामांचा दंड चिमट्यात धरला, काटा वाचला आणि सांगितलं की मामाही लय गुबगुबीत आहेत. मामा रुसले. त्यांची समजूत काढायला वधूपित्याला जावं लागलं. बाई तोवर मंडपाच्या मागं पोट्ट्यांबरोबर लंगडी खेळत होत्या आणि हरत होत्या.

वजनाच्या काट्यावर मात्र त्यांचा राग होता. काटा चहाडखोर आहे, अर्धीच गोष्ट सांगतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा सकाळी पोह्याच्या ठेल्यावर त्यांनी मला ते समजावून दिलं. दोन प्लेटी पोहे घ्या. एकीत पोहे जास्त आणि वरचा तिखट रस्सा, म्हणजे तर्री, कमी, दुसरीत उलटं. तोलून पाहाल तर सारख्याच. पण खाणाऱ्याला फरक कळतो ना? तसंच पोट्ट्यांचं. दोघांचं वजन एक. एकाच्या अंगात हाडं आणि मांस, दुसऱ्याच्या अंगात नुसती तर्री. "आन् तर्रीतलं तेल वर तरंगताना दिसते जी, पोट्ट्यातलं दिसत नाही," त्या म्हणाल्या आणि माझ्या प्लेटीकडे पाहिलं. मी तेव्हापासून पोहे कोरडे खातो.

निवृत्तीनंतर बाईंनी आमच्याच वस्तीतली एक बालवाडी हाती घेतली. दोन वर्ग आणि पुढं मातीचं पटांगण, त्यात एक कडुनिंब. मुलं सकाळी आली की बाई शिट्टी वाजवत आणि पोट्टे सुटत. बाईही सुटत. मग डबा, मग दऱ्या अंथरायच्या आणि सगळ्यांनी झोपायचं. बाईंनी आधी. इतर शाळांची मुलं कविता म्हणत घरी जातात. आमच्या वस्तीतली मुलं स्कूटरवर आईच्या खांद्यावर मान टाकून, धुळीनं माखलेली आणि गाढ झोपलेली अशी परत जात. एका वडिलांनी येऊन विचारलं की नक्की फी कशाची घेता? झोपेची, असं बाईंनी सांगितलं. तुम्हाला विकत कुठं मिळते का पाहा.

बालवाडी ज्या संस्थेची होती तिच्या अध्यक्षांना सगळे भाऊ म्हणत. भाऊ वाईट माणूस नव्हते. रोज पहाटे तलावावर फिरायला जात, त्यांची स्वतःची नात बालवाडीत होती आणि बाईंना ते मान देत. पण शाळा सुटताना गल्लीत स्कूटरींची इतकी गर्दी होई की शेजारी भांडायला येत, आणि भांडायला ते भाऊंच्याच घरी जात. तेव्हा भाऊंनी ठरवलं की पटांगणात सिमेंटचे गट्टू बसवायचे, वर टिनाचं शेड टाकायचं आणि गाड्या आत घ्यायच्या. मुलं काय, वर्गातही हातपाय हलवू शकतात.

बाईंनी हे ऐकलं त्या दिवशी त्या झोपल्या नाहीत. संध्याकाळी माझ्याकडे आल्या आणि पायरीवर बसून राहिल्या. "पटांगण गेलं तं मी तिथी काय करू जी?" त्या म्हणाल्या. "मले तेवढंच येते." मी त्यांना इतकं हळू बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. मी आत जाऊन चहा केला.

दुसऱ्या दिवशी मात्र त्या भाऊंकडे गेल्या आणि सौदा करून आल्या. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी लहान मुलांच्या हालचालीवर आणि झोपेवर संशोधन करत होती. तिच्याकडे कमरेला बांधायचे पट्टे होते. पट्ट्यात बिस्किटाएवढं यंत्र. अंग किती हललं, कधी हललं, कधी स्वस्थ झालं, ते यंत्र टिपून ठेवतं. पोट्ट्यांना एक आठवडा बालवाडीत पट्टे बांधायचे, आणि एप्रिलच्या शेवटी सुट्टी असते तेव्हा एक आठवडा घरी. पटांगण असताना मुलं धावतात आणि झोपतात, आणि नसताना दोन्ही करत नाहीत, असं दिसलं तर भाऊंनी गट्टूंचं नाव काढायचं नाही. तसं दिसलं नाही तर बाईंनी पटांगणाचं नाव काढायचं नाही. भाऊ कागदोपत्री पुराव्याचा माणूस. ते कबूल झाले.

यंत्रातून निघणारे आलेख वाचायचं काम बाईंनी माझ्यावर टाकलं. मला त्यातलं काही कळत नाही, असं मी सांगितलं. तुम्ही दिवसभर वाचताच ना जी, मग हे वाचा, असं उत्तर आलं.

पट्ट्याची परीक्षा बाईंनी आधी स्वतःवर घेतली. पट्टा बांधून त्या माझ्याकडे ग्रंथालयात झोपल्या, तर आलेखावर रेघ सरळ आली. मग ऑटोत बसून कुणाकडे तरी वाडीला गेल्या. रस्ता खोदलेला होता. बाई सीताबर्डीपासून वाडीपर्यंत पळत गेल्या, असं पट्ट्याचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, हे कसलं यंत्र? बाईंना त्यात काही वावगं दिसलं नाही. पट्टा भोळा आहे, त्या म्हणाल्या, पण खोटा नाही.

बालवाडीचा आठवडा सुरेख गेला. प्रत्येक मुलाच्या कागदावर सकाळी डोंगरांच्या रांगा आणि दुपारी लांबलचक सपाट मैदान. मी आयुष्यात बरीच पुस्तकं वाचली, पण इतकं स्पष्ट लिहिलेलं थोडंच वाचलं आहे. दमलं, झोपलं. दमलं, झोपलं.

मग सुट्टी लागली आणि पट्टे घरी गेले. बाईंनी फाटकाशी उभं राहून आयांना सगळं नीट सांगितलं. पट्टा सोडायचा नाही, पोट्टं जसं राहते तसं राहू द्यायचं. एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर बरं होतं. पण आयांना जरा हुरूप यावा म्हणून जाता जाता म्हणाल्या, पाहू, कोणाचं पोट्टं चांगलं निघते.

आमच्या वस्तीत असं बोलू नये. इथं कुणाचा शिष्यवृत्तीत नंबर आला की चौकात त्याच्या फोटोचा फ्लेक्स लागतो, आणि पुढचा नंबर येईपर्यंत निघत नाही. आया घरी गेल्या त्या परीक्षा लागली असं समजून गेल्या.

आठवड्यानं पट्टे परत आले. मी आलेख काढले आणि चष्मा पुसला. डोंगर नव्हते, हिमालय होता. बालवाडीत धावत होती त्याहून मुलं घरी जास्त धावत होती. दुपारी धावत होती. रात्री धावत होती. एक मुलगा तर, जरा गुबगुबीत, बालवाडीत सगळ्यांच्या मागं राहणारा, संध्याकाळी जो सुटला तो सकाळपर्यंत एकाच वेगानं, एकदाही न अडखळता धावत होता. आणि हे रोज. फक्त एका रात्री मधेच काही वेळ थांबला होता. त्या रात्री वस्तीतली लाइट गेली होती, हे मला नंतर आठवलं. त्या वेळी मी घाबरून बाईंना एवढंच विचारलं की मूल असं जगू शकतं का.

भाऊंना कागद दाखवणं भाग होतं. त्यांनी ते शांतपणे पाहिले. ते खुनशी नव्हते. त्यांना उलट बाईंचं वाईट वाटलेलं दिसलं. "बाई, पोट्टे तं घरीच जास्त धावून राहिले," ते म्हणाले. "मंग पटांगण कायले पाहिजे?" सोमवारी गट्टूंचा ट्रक येईल असं त्यांनी सांगितलं. रविवारी संध्याकाळी पालकांना बोलावून निकाल सांगून टाका, मीही येतो, सपत्नीक, असंही म्हणाले.

बाई घरी आल्या, झोपल्या, उठल्या आणि मला म्हणाल्या, चला जी.

आम्ही भर दुपारी त्या रात्रभर धावणाऱ्या मुलाच्या घरी गेलो. त्याचे आईवडील मिहानमधल्या कंपनीत कामाला. तो आजीजवळ राही. आजीनं दार अर्धवट उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. आत अंधार केला होता. दोन खोल्या, खिडकीत मोठा लोखंडी कूलर धडधडत होता, इतका की फळीवरची भांडी किणकिणत होती. समोर चटईवर आमचा धावपटू हातपाय पसरून झोपला होता, तोंड उघडं. आणि कूलरच्या जाळीला एक कापडी बंद गुंडाळलेला होता. यंत्राचा पट्टा आम्ही परत घेतला होता; तो जाळीला बांधायला वापरलेला हा बंद तेवढा आजी सोडायला विसरली होती. हळदकुंकवाचं एक बोटही त्यावर लावलेलं होतं.

मी बाईंकडे पाहिलं. बाई रागावतील किंवा हसतील असं मला वाटलं. त्यांनी बूट काढले, त्या मुलाच्या शेजारी चटईवर आडव्या झाल्या आणि कूलरकडे टक लावून पाहत राहिल्या. आजी चुळबुळत होती. शेवटी तिनं हळूच विचारलं, "कितवा नंबर आला वं बाई?"

"पयला," बाई म्हणाल्या आणि झोपल्या. मला आजीबरोबर बसून राहावं लागलं. आजीनं मला आनंदानं रव्याचा लाडू दिला.

त्यानंतर आणखी दोनतीन घरं केली. एका घरी पट्टा मोठ्या बहिणीच्या कमरेला होता आणि तिला गच्चीवर दोरीच्या उड्या मारायला लावल्या होत्या. एका मुलाच्या वडिलांनी तो मोटरसायकलच्या हँडलला बांधून रोज कामठीला नेला-आणला होता. सगळ्यांनी कौतुकानं सांगितलं. फसवल्यासारखं कुणालाच वाटत नव्हतं. बाईंनी पोट्ट्यांसाठी काहीतरी मागितलं होतं आणि त्यांनी ते घरात होतं तेवढ्यातून दिलं होतं.

परतताना मी म्हटलं, भाऊंना हे लगेच सांगू. बाई नको म्हणाल्या. सांगितलं तर आयांची चहाडी होते, आणि चहाड्या काट्यानं कराव्या, मी कायले करू, असं त्यांचं म्हणणं. मग सोमवारी ट्रक येईल, मी म्हटलं. चौकातून घरापर्यंत बाई माझ्यापुढे चालत होत्या आणि एकदाही धावल्या नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी उरलेले आलेख स्वतः चाळले. एकापाशी थांबल्या. त्यात रोज पहाटे संथ, एकसारखी चाल होती. मग थोडी विश्रांती. मग परतीची चाल, जरा जड. तो कागद घडी करून त्यांनी पर्समध्ये चिमट्याशेजारी ठेवला. हे कोण, असं मी विचारलं. लय गुणी पोट्टं आहे, एवढंच म्हणाल्या.

रविवारी पटांगणात दऱ्या अंथरल्या होत्या. आया नव्या साड्या नेसून आल्या होत्या, निकाल होता. भाऊ आणि काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, खुर्च्यांवर बसले. मुलं कडुनिंबाभोवती पळत होती आणि कुणी त्यांना बसवू शकत नव्हतं. बाईंनी सांगितलं की नंबर काही नाहीत, सगळे पास. त्यावर कुजबुज झाली. आजीचा चेहरा पडला.

मग भाऊ उठले. त्यांनी बाईंचे आभार मानले, गट्टूंची माहिती दिली, शेडचीही दिली, आणि पुरावा म्हणून त्या रात्रभर धावणाऱ्या मुलाचा कागद वर धरला. आपल्या वस्तीतली मुलं घरीच एवढा व्यायाम करतात याचा त्यांना अभिमान वाटत होता. आजी समोरच बसली होती, तेव्हा त्यांनी तिलाच विचारलं की तुमचा नातू एवढा धावतो तरी कुठं, जरा सगळ्यांना सांगा.

आजी उठली. ती बाईंवर रुसलेली होती, त्यामुळे आवाज जरा चढलाच.

"कुठी धावंन भाऊ? दोन खोल्या हाय. एकीत दिवाण, एकीत माही शिवणाची मशीन. पोट्टं उठलं का भिताडाले धडकते. मंग काय करू? पट्टा कूलरले बांधला. तो तरी हलून राहते रातभर."

मग मागून कुणीतरी फसकन हसलं. मोटरसायकलवाल्याची बायको उठून म्हणाली की यांचा पट्टा तर कामठीला जाऊन येत होता. दोरीच्या उड्यावाल्या पोरीची आई उठली. एकीनं सांगितलं की त्यांनी पिठाच्या गिरणीवर दिला होता, ओळख आहे म्हणून. मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या, आणि प्रत्येकीच्या बोलण्यात शेवटी तेच येत होतं: घरात जागा कुठं आहे?

भाऊ दोन्ही हात वर करून उभे होते. शांत झाल्यावर ते कडक आवाजात म्हणाले की ही फसवणूक झाली, संस्थेशी अशी फसवणूक कुणी करायला नको होती. तेव्हा इतका वेळ न बोललेल्या काकूंनी पदर सावरला.

"बसा आता," त्या म्हणाल्या. आणि भाऊंकडे बोट दाखवत बायकांना, "आमच्या नातीचा पट्टा यायच्याच कमरेले होता. रोज तलावावर नेत होते. म्हणे, आपल्या घरचा नंबर खाली नाही आला पाहिजे."

असं हसणं मी त्या वस्तीत पुन्हा ऐकलं नाही. भाऊंनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. बाईंनी पर्समधून घडी केलेला कागद काढून त्यांच्या हातात दिला.

"मले पयलेच दिसलं होतं भाऊ," त्या म्हणाल्या. "एवढं नेमानं चालणारं पोट्टं आपल्या बालवाडीत दुसरं नाही. फक्त मधात थांबून पोहे खाते."

भाऊ तो कागद घेऊन खाली बसले. नात धावत आली, त्यांच्या गुडघ्याला धरून एक गिरकी घेतली आणि परत झाडाकडे गेली. तिच्याकडे पाहतच त्यांनी खिशातून फोन काढला आणि गट्टूवाल्याला उद्या ट्रक पाठवू नको म्हणून सांगितलं. परवा पाठवू का, असं त्यानं विचारलं असावं, कारण भाऊ जरा चिडून म्हणाले, नाही गा, पाठवूच नको. मग ते बाईंजवळ आले आणि दबक्या आवाजात विचारलं की हा कागद घरी नेला तर चालेल का. त्यांचा डॉक्टर म्हणतो की ते चालतच नाहीत.

बाईंनी माझ्याकडून पेन घेतलं आणि बालवाडीच्या प्रगतीपत्रकावर लिहीत तसं वळणदार अक्षरात खाली लिहिलं: प्रगती चांगली. दुपारी झोपावे.

गल्लीतल्या गर्दीचं काय झालं म्हणाल, तर भाऊंनी रस्त्याच्या कडेला पांढरे पट्टे आखून घेतले. ते कुणी पाळत नाही. शेजारी अजून भांडायला जातात.

बाई गेल्यावर मी पहिल्यांदा बालवाडीत गेलो तो परवा. नव्या आलेल्या मॅडमना मी ओळखत नव्हतो, म्हणून फाटकाच्या आत जरासा उभा राहिलो. मुलं नुकतीच पटांगणात सुटली होती आणि धूळ उडत होती. एक मुलगी सरळ येऊन माझ्या पायांवर आदळली, तिनं वर पाहिलं, मी कुणी विशेष नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि ती पुन्हा धावायला लागली. मी आलो म्हणून कुणीही थांबलं नाही. बराच वेळ मी तसाच उभा होतो.